गीझर दिवसभर चालू ठेवायचा की लागेल तेव्हाच? मदत हवी आहे

पुण्यात भाड्याचा टूबीएचके, चार माणसं, एसी नाही. थंडीत युनिट 320-330 च्या घरात जातात आणि 300 ओलांडले की वरच्या युनिटना पुढच्या स्लॅबचा रेट लागतो, म्हणून 300 च्या आत यायचंय. सगळे बल्ब एलईडी केलेत, टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स रात्री बटणावरूनच बंद, फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला (मागे जळमटं केवढी ती!), तरी फारसा फरक नाही.

आता संशय गीझरवर, 15 लिटर, 2000 वॅटचा, जुना आहे. अंघोळी सहा ते दहा अशा विखुरलेल्या, सासऱ्यांना दुपारीही गरम पाणी लागतं म्हणून तो चालूच असतो. एक रात्र चालू ठेवून आणि एक रात्र बंद करून मीटर बघितला, फरक जेमतेम अर्धा युनिट. सोलर बसवता येत नाही, आणि बाथरूमला खिडकी नाही म्हणून गॅस गीझर नकोच.

थर्मोस्टॅट 60 वर आहे. तो 50 वर आणून चालूच ठेवला तर जास्त वाचेल, की प्रत्येक अंघोळीआधी 15-20 मिनिटं लावून बंद केला तर? कोणी मीटर बघून दोन्ही करून पाहिलंय का?