ओपन हार्टनंतर घालायला आरामशीर ब्रा सुचवा (ठाणे / नवी मुंबई)

झुळूक_वर्तकनगर
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझं ओपन हार्ट झालं, व्हॉल्व्ह बदललाय. तब्येत बरी आहे, घरातल्या घरात फिरते, एक जिना चढते. आता गाडी अडलीये ती ब्रावर. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "सैल, कॉटनचं काहीतरी घाला," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझा साइज ४० डी, त्यामुळे काहीच न घालता राहिलं तर दोन्हीकडून वजन ओढलं जातं आणि टाक्यांची रेघ ताणल्यासारखी दुखते, आणि जुनी ब्रा घालावी तर खालचं इलॅस्टिक बरोब्बर तिथे रुततं जिथे ड्रेनच्या (ऑपरेशननंतर छातीतलं रक्त-पाणी बाहेर काढायच्या) नळ्या होत्या. ती भोकं आत्ता कुठे सुकतायत. हात मागे नेऊन हुक लावायला मनाई, डोक्यावरून घालायला हात वर करायलाही मनाई. कोणाला अनुभव असेल तर सांगा. बजेट दोन नगांचं मिळून आठशे, कारण दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. दुकान ठाण्यातलं असेल तर बरं, मिस्टर जाऊन आणतील. ऑनलाइन मागवून परत करायची कटकट नको.

नेरुळकरीण
अगं काळजी घे गं बाई. माझं बायपास झालं तेव्हा लेकीने सिंगापूरहून दोन पाठवल्या होत्या, पुढून चेन, खांद्याला रुंद गुबगुबीत पट्टे, कापड तर इतकं मऊ की अंगावर काही आहे असं वाटायचंच नाही. एकेक साडेचार हजाराला पडली पण अजून घालते, इलॅस्टिक जसंच्या तसं. इकडच्या मालाला ती सर नाही. तू पैशाकडे बघू नकोस, तब्येतीपुढे पैसा काय.

झुळूक_वर्तकनगर
ताई, सिंगापूरला आमचं कोणी नाही हो 🙂 आठशेत बसेल असं सांगा.

कोपरीकाकू
फीडिंग ब्रा घे. अडीचशे-तीनशेला मिळते, जांभळी नाक्याला ढीग पडलेत. पुढून उघडते, कॉटन असते, तार नसते. माझ्या सुनेच्या दोन पडून आहेत, साइज लागला तर देईन.

मोगरा७
+१ फीडिंग ब्रा.

बिनधास्त_बेलापूर
काकू, फीडिंगचा कप पुढून उघडतो, ब्रा नाही उघडत. मुख्य हुक मागेच असतात बहुतेकींना. ती घालायची म्हणजे तिला परत हात मागे न्यावे लागणार.

कोपरीकाकू
माझ्या सुनेची पुढून उघडते. मी रोज वाळत घालत होते, मला माहीत नाही का.

बिनधास्त_बेलापूर
असतील तशाही. पण दुकानात "फीडिंग द्या" म्हटलं की मागच्या हुकाचीच हातात ठेवतात. विचारून घ्या एवढंच म्हणतेय.

ठाण्याचा_आळशी
मी पुरुष आहे, या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होतो पण आईचं बायपास झालंय म्हणून लिहितो. तिला हॉस्पिटलातून छातीचा पट्टा दिला होता, वेल्क्रोचा. खोकला आला की त्याचा आधार वाटायचा, पण बायकांच्या मापाचा तो नसतोच, सगळं चेपून टाकतो आणि घामाने खाली पुरळ. शेवटी आईने बाबांचा बाह्यांचा बनियन पुढून मधोमध कापला, कडा दुमडल्या आणि बंद लावून घेतले. घरात तेवढ्यावर निभावलं. पण आई बारीक आहे, तुम्हाला आधार पुरेल का माहीत नाही. अजून एक, रिक्षात बसताना छातीशी उशी धरा. घोडबंदरच्या खड्ड्यांत आईने अक्षरशः माझ्या नावाने शंख केला होता.

मोगरा७
उशीला अनुमोदन. माझ्या मावशीला पण सांगितली होती, खोकताना, शिंकताना, उठताना.

सडेतोड
मला एक कळत नाही, घरात बसायचं तर ब्रा हवीच कशाला? सैल गाऊन घाला आणि मोकळं राहा. आपल्या आज्यांचं काही अडलं का?

नेरुळकरीण
आज्या पुढे गाठ मारायची घट्ट चोळी घालायच्या हो. मोकळं कोण होतं?

सडेतोड
आणि त्यांची ओपन हार्ट पण होत नव्हती. असो.

फिजिओ_वाशी
हार्टच्या पेशंटबरोबर काम करते म्हणून लिहितेय. सडेतोड, बारीक अंगाच्या बाईला चालेल तुमचं, पण ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना आधार लागतोच आणि रात्री झोपतानासुद्धा लागतो. ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात, नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे, पूर्ण पक्कं व्हायला साधारण तीन महिने. स्तन जड असले की झोपल्यावर दोन्ही बाजूंना ओघळतात आणि वरची कातडी ओढली जाते, झुळूक म्हणतेय ते दुखणं तेच. जखम उलायची भीतीही अशांना जास्त असते. तर तार नको, खांद्याचे पट्टे रुंद हवेत, खालचा पट्टा इतका सैल की आत दोन बोटं सहज जातील, आणि घातल्यावर खोल श्वास घेऊन बघायचा, अडखळला तर मोठा साइज. ऑपरेशननंतर सूज असते, जुन्या मापावर विसंबू नका, टेप लावून परत मोजा. घालताना कोपर अंगाजवळ ठेवून एकेक हात घालायचा. तीन महिने जड उचलणं, ढकलणं, ओढणं बंद, ते तर सांगितलंच असेल.

शिवणवाली_ऐरोली
मी पंचवीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. दुकानातल्या पुढून हुकाच्या ब्रामध्ये एक घोळ असतो, कोणी बोलत नाही. हुक येतात बरोब्बर मधोमध, म्हणजे थेट टाक्यांवर. आत पट्टी असली तरी ती पातळ, घामाने गोळा होते आणि हुक टोचतात. माझ्याकडे अशा दोघीजणी आल्या होत्या, त्यांना मी मलमलची बॉडी शिवून दिली. कटोरीसारखा कट, आणि हुकपट्टी मध्ये न घेता दोन इंच डावीकडे सरकवली. टाक्यांवर नुसतं सपाट कापड, तेही दुहेरी. खाली इलॅस्टिक नाही, फक्त रुंद पट्टी, आणि बगलेत माया भरपूर ठेवायची म्हणजे सूज उतरली की आत घेता येते. कापड आधी धुऊन आटवून घ्यायचं. मलमल नको असेल तर टू बाय टू रुबिया. कापड धरून एक नग तीनशेत होतो.

बिनधास्त_बेलापूर
वा! हे भारी आहे. झुळूक, हेच कर.

मोगरा७
+१ शिवून घे.

नेरुळकरीण
शिवलेल्याला स्ट्रेच नसतो पण. माझीला कसा छान स्ट्रेच होता. आणि बायपासमध्ये माझी डाव्या छातीच्या आतली रक्तवाहिनी वापरली होती, त्यामुळे ती बाजू कित्येक महिने बधीर. काचतंय ते कळायचंच नाही, संध्याकाळी काढली की वळ दिसायचा. म्हणून मऊच हवी, मी सांगते.

फिजिओ_वाशी
बधीरपणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे ताई. अशांनी रोज आरशात बघायचं, कळण्यावर विसंबायचं नाही.

झुळूक_वर्तकनगर
सगळ्यांचे आभार. माझा व्हॉल्व्ह मेटलचा आहे त्यामुळे रक्त पातळ व्हायची गोळी कायमची. जरा काही काचलं की काळंनिळं होतं. परवा जुनी ब्रा तासभर घातली तर बगलेखाली पट्ट्याच्या आकाराचा निळा डाग. म्हणून घट्ट बाइंडर, म्हणजे तो छातीचा पट्टा वगैरे नकोच.

कोपरीकाकू
गोळी चालू आहे ना, मग मेथी, पालक, कोथिंबीर सगळं बंद कर. आमच्या शेजारच्यांनी वर्षभर हिरवं पान तोंडात घातलं नाही.

फिजिओ_वाशी
काकू, पूर्ण बंद नाही करायची. पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम कमी होतो हे खरं, पण रोज साधारण सारख्या प्रमाणात खाल्ली तर डॉक्टर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) बघून डोस बसवतात. आठवडाभर काही नाही आणि रविवारी एकदम वाटीभर पालक, हे वाईट.

कोपरीकाकू
त्यांच्या डॉक्टरांनी बंदच सांगितली होती.

सडेतोड
ब्राच्या धाग्यावर मेथी आली. आता कोणीतरी मेथीच्या ठेपल्याची पाकृ टाका.

ठाण्याचा_आळशी
आमच्या आईला अळूचं फदफदं हवं होतं, त्यावरून घरात महायुद्ध झालं होतं 😄

पाचपाखाडीची_पोर
धागा पूर्ण वाचला नाही पण माझ्याकडे जिमची स्पोर्ट्स ब्रा आहे, पुढून चेनची, एकदम टाइट सपोर्ट. बाराशेला आहे पण सेलमध्ये मिळाली. रेकमेंड करेन.

शिवणवाली_ऐरोली
टाइटच तर नकोय गं बाळा तिला. आणि चेनचे दात टाक्यांवर? खपली निघेल.

बिनधास्त_बेलापूर
झुळूक, पावसाळ्याचा पण विचार कर. पॅडेड घेऊ नकोस, कपाटात फॅन लावला तरी दोन दिवस वाळत नाही. आणि दोन नग पुरणार नाहीत, एक अंगावर, एक दांडीवर, एक ऐनवेळी. छातीखाली ओल राहिली की लगेच लाल चट्टे.

फिजिओ_वाशी
हो, ओलसर ब्रा अजिबात नाही, घाम आला की बदलायची. स्तनांखाली जुना धुतलेला मलमलचा तुकडा घडी करून ठेवा. पावडर जखमेच्या आसपास नको, कितीही थंड वाटली तरी, क्रीमपण डॉक्टर सांगेपर्यंत नको. आणि टाक्यांतून पाणी आलं, लाली वाढली, ताप आला किंवा वळताना छातीच्या हाडात कट्कट् जाणवलं तर ब्रा बदलून बघत बसू नका, सर्जनला फोन करा.

झुळूक_वर्तकनगर
कट्कट् नाही, पण व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते रात्री. डॉक्टर म्हणाले ती यायचीच. मिस्टर म्हणतात घड्याळ विकून टाकू.

बॉडी शिवायला मिस्टरांना ओळखीच्या टेलरबाईकडे पाठवलं होतं. त्या म्हणाल्या माप घ्यायला बाईंना घेऊन या, नाहीतर मापाचा ब्लाऊज आणा, आणि दोन आठवडे लागतील, लग्नाचे ब्लाऊज आहेत हातात. माझे जुने ब्लाऊज आता बसतच नाहीत, माप कसलं देणार.

शिवणवाली_ऐरोली
ऐरोलीला या, मी चार दिवसांत देते.

झुळूक_वर्तकनगर
ताई एवढं लांब रिक्षाने सध्या नाही हो जमणार. मनापासून आभार.

नेरुळकरीण
मग माझं ऐक, ऑनलाइन मागव. आता इथेपण मिळतात पुढच्या हुकाच्या चांगल्या. हजार-दीड हजार काय मोठं आहे?

झुळूक_वर्तकनगर
मंडळी, अपडेट देते. रागवू नका, पण मी मागच्या हुकाचीच घेतली.

मिस्टर गोखले रोडला गेले होते. पहिल्या दुकानात काउंटरवर पोरगेलासा सेल्समन, त्याने सगळ्यांसमोर "आंटींचा साइज काय" विचारलं आणि हे तसेच बाहेर आले. दुसऱ्या दुकानात बाई होत्या, त्यांनी नीट ऐकून घेऊन तीन प्रकार घरी बघायला दिले, नको ते त्याच दिवशी परत आणा म्हणाल्या. पुढच्या हुकाची घालून बघितली. ऐरोलीच्या ताई म्हणाल्या तेच, मधला हुक खपलीवर आला, आणि खुर्चीत बसलं की पोटाने वर ढकलला जाऊन अजूनच टोचायला लागला. साधी होजिअरी कॉटनची, तार नसलेली, ४२ घेतली, पुढे सगळं सपाट कापड आहे. खालचा पट्टाही रुंद आणि लुसलुशीत, ड्रेनच्या जागेवर मी मलमलची घडी ठेवते. मागचे हुक मिस्टर लावतात. मला हात मागे न्यायला मनाई आहे, त्यांना नाही.

सुरुवातीला त्यांनी चष्मा लावून, मला खिडकीकडे उभं करून, तोंडाने "हं, थांब, हलू नकोस" करत एकेक हुक लावला. आता बोलता बोलता लावतात. चढवतानाही तेच पट्टे धरतात, मी कोपर अंगाजवळ ठेवून एकेक हात घालते.

सडेतोड
एवढ्या सल्ल्यांनंतर मागचे हुक. धन्य.

कोपरीकाकू
आणि ते घरी नसले म्हणजे?

झुळूक_वर्तकनगर
रिटायर झालेत काकू, जातात कुठे. भाजी आणायला गेले तरी तेवढ्यात माझं काही अडत नाही. घाम आला तर आल्यावर बदलतो.

फिजिओ_वाशी
दुसरं कोणी लावत असेल तर माझी हरकत नाही. पण एकटी असताना "एकदाच" म्हणून हात मागे नेऊ नका. आणि नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावरच लावा.

झुळूक_वर्तकनगर
बाहेरच्या हुकावरही संध्याकाळी थोडी घट्ट वाटायची, म्हणून एक्स्टेंडर आणला, हुकांची ती छोटी पट्टी असते ना, मागे जोडायची. दोन ब्रा आणि पट्टी मिळून सातशेच्या आत झालं.

मोगरा७
एक्स्टेंडर कुठे मिळाला? मावशीला हवाय. दोन हुकांचा घेऊ की तीन?

झुळूक_वर्तकनगर
बटणं, लेस, अस्तर विकणाऱ्या दुकानात मिळतो, चाळीसला. ब्राला जेवढे हुक तेवढ्याचाच घ्या. आणि मावशींची ब्रा बरोबर न्या, दोन हुकांमधलं अंतर सगळ्यांचं सारखं नसतं. मिस्टरांनी पहिला आणला तो बसलाच नाही, बदलून आणावा लागला.