घरगुती डिमर: ५०० चा हॅलोजन लावला की ट्रायॅक जातोय, मदत करा

तालीमवाला
मंडळी नमस्कार. आमचा एकांकिकेचा ग्रुप आहे, तालमीला रोज लाइटवाला बोलावणं परवडत नाही म्हणून म्हटलं दोन चॅनेलचा डिमर आपणच बनवू. सर्किट नेहमीचंच, बीटी १३६ ट्रायॅक (दिव्याचा करंट चालू-बंद करणारा), डीबी ३ डायॅक (ट्रायॅकला पेटवणारा), ५०० के, म्हणजे किलोओहमचा पॉट (उजेड ठरवणारा फिरता रेझिस्टर), १०४ चा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. घरी १०० वॅटच्या साध्या बल्बवर इतकं मस्त चाललं की आई म्हणाली देवघरात पण एक लाव. मग हॉलवर ५०० वॅटचा हॅलोजन जोडला, पहिल्या दिवशी चालला, दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर फुल्ल लाइट, पॉट कसाही फिरवा ढिम्म फरक नाही. ट्रायॅक बदलला, दोन दिवसांत परत तेच. ५०० भागिले २३० म्हणजे २.२ अँपिअर आणि ट्रायॅक ४ अँपिअरचा, मग जातो कसा?

दुसरं म्हणजे पॉट शून्यापासून वाढवत नेला की काहीच नाही, काहीच नाही, आणि एकदम पाव उजेड! तिथून मागे घेतला तर मात्र मिणमिण होईपर्यंत नीट उतरतो. पहाटेचा सीन आहे हो, सूर्य असा टुणकन उगवून कसं चालेल. आणि हो, काल ट्रायॅक गार ठेवणाऱ्या पत्र्याला, हीटसिंकला हात लागला तर सणसणीत शॉक बसला, फेज-न्यूट्रल उलटे झालेत का?

फ्यूज_गेला
हे "आणि हो" म्हणून शेवटी सांगायची गोष्ट आहे का रे? बीटी १३६ च्या पाठीचा पत्रा आतून एमटी २ ला, म्हणजे मेन्सचा करंट वाहणाऱ्या पिनेला जोडलेला असतो, म्हणजे तुझा हीटसिंक म्हणजे २३० व्होल्टची उघडी तार. प्लग उलटा करून हे सुटत नाही, डिमर न्यूट्रलमध्ये गेला तरी दिव्याच्या फिलामेंटमधून फेज तिथे पोचतो. बीटीए १६-६०० ट्रायॅक घे, त्याची पाठ आतूनच इन्सुलेटेड असते. घेताना नाव नीट वाच, दुकानदार बीटीबी देतो आणि म्हणतो एकच आहे, एकच नाहीये, बीटीबीचा पत्रा लाइव्हच असतो. दोन पिनचा प्लग फेकून तीन पिनचा लाव, धातूची पेटी असेल तर पेटी आणि हीटसिंक दोन्हीला अर्थिंग, पॉटला प्लॅस्टिकचा नॉब, आणि पेटी उघडायच्या आधी प्लग हातात दिसला पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता ट्रायॅक का जातो. तुझे २.२ अँपिअर हे दिवा तापल्यावरचे. तापलेल्या ५०० वॅटच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स साधारण १०६ ओहम, पण गार असताना तो बारा-पंधरा पटीने कमी असतो, ७-८ ओहम धर. मेन्सचं पीक ३२५ व्होल्ट, नेमकं तिथे बटण दाबलं गेलं तर पहिल्या झटक्याला ४० अँपिअरच्या वर जातात. बीटी १३६ एका सायकलपुरते फार तर २५ सोसतो, बीटीए १६ चा तोच आकडा १६० च्या आसपास आहे. ट्रायॅक मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो, म्हणून तुझा दिवा फुल्ल. बटण दाबताना पॉट खाली ठेवायची सवय लाव, फिलामेंटला हळूहळू तापू दे.

कपॅसिटर_काका
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त सूर्याचं बघतो. अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची. तेवढ्यात पॉटमधून कपॅसिटर भरतो, ३२ व्होल्टच्या आसपास डायॅक फुटतो, म्हणजे एकदम करंट सोडू लागतो, आणि कपॅसिटरमधला चार्ज ट्रायॅकच्या गेटमध्ये, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पिनेत ओतला जातो. गोम इथेच आहे बघ. डायॅक फुटेपर्यंत कपॅसिटरवर मागच्या अर्ध्या सायकलचा उलटा चार्ज भरपूर शिल्लक असतो. एकदा डायॅक फुटला की हा उलटा चार्ज कमी होतो, मग पुढच्या वेळी कपॅसिटर लवकर भरतो, ट्रायॅक लवकर पेटतो, आणि दिवा एकदम उडी मारून वर येतो.

उपाय स्वस्तातला आहे. पॉटनंतरचा १०४ तसाच ठेव, तिथून १५ के चा रेझिस्टर घेऊन पुढे दुसरा १०४ लाव आणि डायॅक त्या दुसऱ्यावर जोड. दुसरा रिकामा झाला की पहिला त्याला लगेच भरतो. उडी अगदी नाहीशी नाही होणार पण प्रेक्षकाला कळणार नाही. पॉटच्या सिरीजला ४.७ के पण टाक, नाहीतर पूर्ण फिरवल्यावर पॉटची पट्टी जळते. आणि पहिल्यांदा लावताना सिरीज बोर्डवर लाव बाबा, १०० चा बल्ब सिरीजला असला की चूक झाली तर नुसता बल्ब पेटतो, ट्रायॅक वाचतो.

आमच्या वेळी गावात मातीच्या नळकांड्यात मिठाचं पाणी भरून त्यात पत्रा वरखाली करत डिमर चालवायचे, पाणी उकळायचं, तिसऱ्या अंकापर्यंत वाफ यायची. कृपया कोणी करून बघू नका, तो पत्राही लाइव्हच असायचा.

नुसताच_वाचक
मध्येच विचारतो, आईच्या देवघरात एलईडी बल्ब असेल तर हाच डिमर चालेल?

फ्यूज_गेला
साध्या एलईडीला नको. आतला ड्रायव्हर हे कापलेलं व्होल्टेज ओळखत नाही, लुकलुकतो नाहीतर लवकर जातो. डिमेबल लिहिलेला घेतला तरी ५-७ वॅटवर ट्रायॅक सलग चालू राहत नाही. आणि ट्रायॅकला समांतर १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०४ कपॅसिटर लावला असेल तर त्यातूनच सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतात, डिमर बंद ठेवला तरी एलईडी रात्रभर मिणमिणेल. देवघराला साधा १५ वॅटचा बल्ब ठेवा.

तालीमवाला
काका, जमलं! बीटीए १६ टाकला, १५ के आणि दुसरा १०४ लावला, सिरीज बोर्डवर तपासून मगच हॉलवर नेला. तीन दिवस झाले, ट्रायॅक जिवंत आहे, कालच्या तालमीत सूर्य पहिल्यांदा सावकाश उगवला. फक्त आता दिवा अर्ध्यावर असला की स्पीकरमधून खर्रर्र येतं, नायिकेच्या स्वगतात तर फारच.

कपॅसिटर_काका
ते येणारच, ट्रायॅक दर सायकलला दोनदा खटकन पेटतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. ट्रायॅकच्या सिरीजला फेराइटवर गुंडाळलेल्या तारेचा चोक टाक, तार जाड घे, आणि माइकची वायर दिव्याच्या वायरीपासून लांबून ने. खरखर कमी होईल. पूर्ण गेली नाही तर पहाटेच्या सीनला पार्श्वसंगीत जरा मोठं ठेवा.