नामांतराची झळ : तुमच्या घरात काय घडलं?

दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी लोटते. पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं, भाषणं. भाषणांत तारखा बरोबर येतात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला २७ जुलै १९७८ ला, आणि लगेच मराठवाडा पेटला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' तसंच ठेवून. मधली साडेपंधरा वर्षं मात्र भाषणांत दोन वाक्यांत उरकतात.

ज्या दलितांची घरं जळाली त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. पाटी औरंगाबादला लागायची होती, मग आग खेड्यातल्या कुडाला का लागली? याचं उत्तर घराघरातूनच यायला हवं. तेव्हा भाषण नको, जे घडलं ते लिहा. काय जळालं, काय वाचलं, पुढे त्याच गावात कसे राहिलात. गावाचं नाव नाही दिलं तरी चालेल. जिवंत माणसांची नावं नकोतच.

सुरुवात मी करतो. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. पावसाचे दिवस, छप्पर ओलं. नुसत्या काडीनं पेटणारं नव्हतं, म्हणून रॉकेल आणलेलं. रॉकेल तेव्हा रेशनवर, मोजून मिळायचं. 'येवढं घासलेट एका दिसात आलं कुठून?' हा आजीचा प्रश्न. ती गेली तोवर विचारत होती. घरात ज्वारीची कणगी होती. वरची ज्वारी कोळसा झाली, मधली करपली, तळाची तेवढी बरी निघाली. करपलेली टाकून देण्याची ऐपत नव्हती. धुतली, वाळवली, जात्यावर दळली. भाकरी कडू लागायची, आमची आत्या तेव्हा लहान, ती थुंकून टाकायची आणि मार खायची. कोण आलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्याच शेतात पुढच्या हंगामात आजोबा खुरपायला गेले. दुसरं काम कुठं होतं?

नांदेड, निवृत्त शिक्षिका

आम्हाला शेजारच्या मळ्यातल्या एका पाटलीणबाईंनी कडब्याच्या कोठ्यात लपवलं. माणसं शोधत आली तर ती दारात उभी राहून त्यांना शिव्या देत होती, हे मी फटीतून पाहिलंय. तिच्यामुळे आम्ही जगलो. आणि त्याच बाईनं आम्हाला भाकरी पळसाच्या पानावर दिली, पाणी वरून ओंजळीत ओतलं. माझी आई दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायची. मी शाळेत बरीच वर्षं शिकवलं, पण ही हकीकत पोरांना कधी सांगता आली नाही. कारण ऐकणारा लगेच विचारतो, मग ती बाई चांगली की वाईट?

हिंगोली

आम्ही मराठा. माफी वगैरे मागायला आलो नाही, माहिती द्यायला आलोय. आमची पिठाची गिरणी होती. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, म्हणून गाव आजही 'आमच्याकडे तसलं काही नव्हतं' असं सांगतं. पण चावडीवर ठरलं की त्यांचं दळण घ्यायचं नाही, किराणा द्यायचा नाही, कामाला बोलवायचं नाही. वडिलांनी पट्टा काढून ठेवला आणि गिरणी बिघडली म्हणाले. बाकीच्यांचं दळण रात्री व्हायचं. बहिष्कार असाच असतो, त्यात कुणी आरडाओरडा करत नाही. मला वाटतं आमच्याकडे खरं दुखणं वेगळंच होतं. त्या वस्तीतल्या पोरांनी मेलेलं जनावर ओढायला नकार दिला होता, दोघं कॉलेजात गेले होते, सालगडी मिळेनासे झाले होते. ठराव हे निमित्त मिळालं.

(धागाकर्ता) एका वाचकाने लिहिलंय की 'विरोध जातीला नव्हता, मराठवाड्याच्या अस्मितेला धक्का लागत होता'. निजामाविरुद्धच्या लढ्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण अस्मितेला लागलेल्या धक्क्याचा राग नेमका वस्तीवरच का निघाला, हे वरच्या अनुभवात वाचा. त्यावर इथे वाद नको, वेगळा धागा काढा.

नागपूर (आजीने सांगितलं, नातीने लिहिलं)

नामांतरासाठी निघालेल्या १९७९ च्या लाँग मार्चमध्ये मी होती. जोगेंद्र कवाडे सरांच्या मागं दीक्षाभूमीवरून निघालो, औरंगाबादला जायाचं होतं. तुझा आजोबा मिलमध्ये, सुट्टी नाही भेटली, म्हणून मी गेली. सासू म्हणाली, लेकरं मी पाहतो, तू जा. पायात स्लिपर होती, पट्टा तुटला का सेफ्टी पिन लावायची. गावोगावचे लोक भाकरी-पिठलं घेऊन उभे राहत. बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवलं, लाठ्या चालल्या. पायाले सूज होती, पळता येत नव्हतं, म्हणून मी बसूनच घेतलं. मराठवाड्यात आमचं कोणी नव्हतं बाई, ना सोयरे ना धायरे. तरी गेलो. आता विचारतात, काय भेटलं? मले काय भेटायचं होतं?

नांदेड

एक गोष्ट नेहमी सुटते म्हणून लिहितो. 'नामांतर म्हणजे बौद्धांचा लढा' असं आमच्या मातंग समाजातही बोलतात, बाहेरही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला १९७८ मध्ये ज्यांचा जीव घेतला ते पोचिराम कांबळे मातंग होते. माझे वडील त्यांचं नाव घेतल्याशिवाय 'जयभीम' म्हणत नसत. वस्तीत काही जणांना ते पटायचं नाही, आपल्याला काय पडलंय म्हणायचे. वडिलांचं उत्तर ठरलेलं : आग लावणाऱ्यानं जात विचारली होती का? मग १९९३ ला नांदेडातच गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. मी तेव्हा अकरावीत. कॉलेजात सोबतची पोरं त्यावर विनोद करत होती. त्या बाकावर परत बसलो नाही, मागं जाऊन बसलो. एवढाच माझा निषेध.

औरंगाबाद, तेव्हा नागसेनवनातला विद्यार्थी

नागसेनवनातल्या मिलिंद कॉलेजच्या होस्टेलवर होतो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये काढलेलं कॉलेज, विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी आलं, हे नाव नाकारणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. गावाकडून मनिऑर्डर बंद झाली की समजायचं, घरावर काहीतरी बेतलंय. विचारायची सोय नव्हती, फोन कुठले? मेसमध्ये ज्याच्या घरून पैसे आले नाहीत त्याचं ताट दुसऱ्याच्या खात्यावर लागायचं. हिशोब कुणी ठेवला नाही.

पुणे, आयटी

माझा जन्म १९९४ नंतरचा. डिग्रीवर बाबासाहेबांचं नाव आहे. पहिल्या मुलाखतीत समोरच्यानं सर्टिफिकेट हातात घेतलं, नाव वाचलं, मग माझं आडनाव वाचलं आणि 'अच्छा, म्हणजे तुम्ही तिकडचे' म्हणाला. तिकडचे म्हणजे मराठवाड्याचे, असंही म्हणता येईल. नोकरी मिळाली, तिथे नाही, दुसरीकडे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. घरी आजोबांना फोटोकॉपी लॅमिनेट करून दिली, ते ती किराणा दुकानदाराला दाखवून आले. त्याच दुकानदाराच्या बापानं १९७८ ला यांना मीठ दिलं नव्हतं.

बीड

वर हिंगोलीच्या भाऊंनी लिहिलंय ते बरोबर, पण जमिनीचं राहिलं. आमच्या आजोबांनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहानंतर गायरान कसायला घेतलं. दगडं वेचून वेचून दीड एकर काळं केलं. त्यावर गावाचा डोळा होताच. ७८ ला झोपडी जाळली ती वस्तीतली नाही, त्या गायरानातली. उभ्या बाजरीत जनावरं सोडली. पंचनामा झाला म्हणतात, पण त्यात पीक लिहिलं की पडीक, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. पुढे सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, तर आमच्याकडे ताबा दाखवायला कागदच नाही. कसत आलोय, सातबाऱ्यावर मात्र 'सरकार'. आता तिथे सोलरसाठी मोजणी झाली, म्हणजे नोटीस येणार. ७८ च्या पंचनाम्याची नक्कल कुणी मिळवली आहे का? तहसीलला विचारलं तर जुनं रेकॉर्ड जिल्ह्याला म्हणतात, जिल्ह्याला विचारलं तर तहसीलला. पोलीस ठाण्यात मिळतं का, अर्ज कोणत्या नावानं करायचा, तेवढं लिहा.