कार्बोमर 'विरघळवायचा' की 'भिजवायचा'?

अनुवादक_२: घरगुती प्रमाणावर जेल बनवणाऱ्यांसाठी एक कृती मराठीत आणते आहे. त्यातल्या तीन जागांबद्दल मत हवं आहे: 'अ‍ॅक्रिलिक भुकटी पाण्यात विरघळवा', 'उदासिनीकरण करा' आणि 'विष्यंदिता तपासा'. भुकटी म्हणजे कार्बोमर ९४०, जेल घट्ट करणारा पदार्थ; विष्यंदिता म्हणजे द्रवाचा दाटपणा.

परीक्षानळी: 'विरघळवा' नकोच. कार्बोमर हे अ‍ॅक्रिलिक आम्लाचं बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचा रेणू) आहे, पण त्याच्या साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडलेल्या असतात. त्यामुळे तो साखरेसारखा विरघळत नाही, त्याचे कण पाणी शोषून फुगतात. 'विरघळवा' वाचलं की माणूस द्रव नितळ होईपर्यंत ढवळत राहतो. तो नितळ होणारच नसतो! या टप्प्यावर मिश्रण पातळ, धूसर आणि आम्लधर्मी (पीएच ३ च्या आसपास) असंच असायला हवं. मग वेग वाढवला जातो, ब्लेंडर लावला जातो, पात्यांनी साखळ्या तुटतात आणि पुढे काहीही केलं तरी जेल हवं तितकं घट्ट होत नाही.

असं लिहा: 'ढवळत्या पाण्यावर बारीक चाळणीतून भुरभुरवा, मग भिजू द्या.' १०० ग्रॅम जेलला अर्धा ग्रॅम भुकटी पुरते. ती एकदम ओतली तर बाहेरचा थर लगेच फुगतो, आतली भुकटी कोरडीच अडकते आणि गुठळी होते. ती गुठळी नंतर फोडणं फार जिकिरीचं. अर्धा-एक तास तरी भिजू द्यावं; रात्रभर ठेवलं तर उत्तम. भुकटी अतिशय हलकी असते, उडून नाकात जाते, म्हणून मास्क लावायची सूचनाही कृतीत हवी.

शब्दवेल्हाळ: 'अ‍ॅक्रिलिक भुकटी' हेही बदला. कवळीची आणि कृत्रिम नखांची भुकटीसुद्धा अ‍ॅक्रिलिकच, पण ते पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. ती द्रव एकवारिकात (मोनोमरमध्ये) कालवली की कडक होते, पाण्यात तिचं जेल होत नाही. सरळ 'कार्बोमर' लिहावं. 'कार्बोपॉल' हे व्यापारी नाव आहे.

परीक्षानळी: बरोबर. 'उदासिनीकरण' मात्र ठेवा, शाळेपासून ओळखीचा शब्द आहे. फक्त तिथे काय घडतं ते एका ओळीत सांगा. अल्कली घातली की साखळीवरच्या आम्लगटांवर ऋण प्रभार येतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, वेटोळी उलगडतात आणि जेल घट्ट व पारदर्शक होतं. अर्ध्या ग्रॅम भुकटीला ट्रायइथेनॉलअमाइन सुमारे ०.७५ ग्रॅम लागतं. थेंबाथेंबाने घाला, हळू ढवळा आणि पीएच ६ ते ७ दरम्यान आला की थांबा. 'अजून थोडं' करत पीएच ९-१० च्या वर नेला तर जेल उलट पातळ होत जातं.

अनुवादक_२: आणि बुडबुडे? कृतीत 'हवा काढून टाका' एवढंच आहे, कधी ते नाही.

परीक्षानळी: उदासिनीकरणाच्या आधी. पातळ मिश्रणातले बुडबुडे आपोआप वर येतात. घट्ट झाल्यावर ते आहेत तिथेच लटकून राहतात.

शब्दवेल्हाळ: यावरूनच 'विष्यंदिता'चं सांगते. शब्द शुद्ध आहे, 'श्यानता'ही वाचायला मिळतो. आकडा द्यायचा असेल तिथे तो वापरावा: उदासीन केलेल्या ०.५ टक्के कार्बोमर ९४० ची विष्यंदिता साधारण ४०,००० ते ६०,००० सेंटिपॉइज (विष्यंदितेचं एकक) असते. पण ज्याच्याकडे मापक नाही त्याला 'विष्यंदिता तपासा' सांगून काय होणार? 'बाटली तिरपी केली तरी जेल जागचं हलू नये, बोटाने दाबलं की सहज पसरावं' असं लिहा. तेलाचे थेंब किंवा औषधाचे कण तळाशी न बसू देण्याचा कार्बोमरचा गुण जागचं न हलण्याच्या याच पकडीतून येतो, नुसत्या घट्टपणातून नाही.

परीक्षानळी: एक ओळ इशाऱ्याचीही घाला. मीठ किंवा क्षारयुक्त अर्क पडला की हे जेल पाहता पाहता पातळ होतं. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखा धनप्रभारी घटक तर साका पाडतो. अल्कोहोलचं प्रमाण जास्त असेल तर उदासिनीकरणाला कॉस्टिक सोडा चालत नाही, बहुवारिक वेगळं होऊन खाली बसतं. तिथे ट्रायइथेनॉलअमाइनसारखं अमाइनच हवं. आणि पारदर्शक बाटली उन्हात ठेवू नये, अतिनील किरणांनी साखळ्या तुटतात.