भाऊबिजेला पुळणीवर सायकलची शर्यत: लहानथोर सगळ्यांना जमेल अशी कशी ठेवावी?

खालचापाट_सून

नमस्कार. राहायला चिपळूणला, सासर गुहागर, खालचापाट. दिवाळीत घरी आम्ही चौदाजण असतो आणि सायकली सहा. त्यातली एक सासऱ्यांची. ते टपाल खात्यात होते, त्यांची काळी उभी सायकल अजून धावते.

नवरा तीन वर्षं ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत लांबचं अंतर सायकलने पुरं करायचं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. त्यासाठी तो किती घाम गाळतो ते मी बघते, पहाटे साडेतीनचा डबा मीच भरते. पण गेल्या भाऊबिजेला त्याने सगळ्यांना वेळणेश्वरला नेलं. निघायलाच उशीर झाला, पालशेतनंतरच्या चढाला दहाचं ऊन डोक्यावर. लेक अकरा वर्षांची. ती मागे पडली आणि सायकल ढकलत वर आली. ती पोचली तेव्हा बाकीचे शहाळी पिऊन निघायच्या तयारीत होते. ती काहीच बोलली नाही. घरी येऊन सायकल पडवीत लावली, ती थेट जूनपर्यंत बाहेर काढली नाही.

यंदा नवरा स्वतःच म्हणाला, "माझं चुकलं, तू ठरव." मी लेकीला विचारलं, तर तिला नुसतं फिरायचं नाही, शर्यतच हवी आहे! धाकटा सहा वर्षांचा, सासरे ६८, नणंद वीस वर्षांत सायकलवर बसलेली नाही. रस्त्यावर दिवाळीत पाहुण्यांच्या गाड्या सुसाट, म्हणून पुळणीवर करावं असं डोक्यात आहे. कुठल्या वेळी, किती अंतर, आणि मुख्य म्हणजे सगळे एका शर्यतीत कसे बसवायचे?

सडा_आणि_खाडी

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवले. तुमच्या लेकीसारखी मुलं दर वर्षी बघितली. मागे पडल्याचं मुलांना फारसं काही वाटत नाही. आपण पोचायच्या आत सगळे उठून निघालेले दिसले, की मात्र ते मनात राहतं. तेव्हा पहिला नियम घरातल्या मोठ्यांसाठी: शेवटचा येईपर्यंत कोणी नारळ फोडायचा नाही.

रस्ता नको म्हणता ते बरोबर. आपल्या किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक खाडीला खाली उतरतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. नकाशावर अंतर दिसतं, चढ दिसत नाहीत. पावसाने उखडलेल्या कडा अजून तशाच असतात, कुठे कापलेल्या भाताचा पेंढा पसरलेला असतो आणि त्यावरून सायकल घसरते. गवताच्या कडेला फुरसं असतं, म्हणून मुलांना रस्त्याच्या कडेला बसवू नये. गुहागरची पुळण जवळजवळ सहा किलोमीटर सरळ आहे. एवढी सपाट जागा गावात दुसरी नाही.

आता वेळ. कोळी लोक तिथीच्या पाऊणपट तासांवर भरती धरतात. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याआधी सव्वासहा तास मागे गेलं की सव्वासातला पूर्ण ओहोटी. अमावास्या नुकतीच झालेली असल्यामुळे उधाणाचे दिवस, पाणी खूप आत जातं आणि ओली, घट्ट वाळू रुंद उघडी पडते. अर्धापाऊण तासाचा फरक होतो, म्हणून आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. पावणेसातला सुरू करा, साडेआठला वाळूवरून बाहेर.

वाराही त्याच वेळी सोयीचा. रात्री जमीन लवकर निवते, त्यामुळे सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे हलका वाहतो. अकराच्या पुढे जमीन तापली की खारा वारा उलटा येतो, तोही वायव्येकडून. तेव्हा उत्तरेकडे पॅडल मारणं लहान पायांना जड जातं.

सगळ्यांना एकत्र बसवायचं तर वेग मोजूच नका. दोन किलोमीटरवर काठीला फडकं बांधा, तिथून वळून परत, एकूण चार. दिवस भाऊबिजेचा आहे तर जोड्या भावाबहिणींच्याच करा. प्रत्येक जोडीने निघण्याआधी आपल्याला किती मिनिटं लागतील ते कागदावर लिहून द्यायचं, मग सगळ्यांची घड्याळं आणि मोबाईल एका टोपलीत जमा. जोडीतल्या दोघांनी एकत्र पोचायचं. लिहिलेल्या वेळेच्या सर्वांत जवळ येईल ती जोडी जिंकली. हा खेळ मी शाळेत पुष्कळदा घेतला. जोरात जाणारी मुलं इथे हमखास चुकतात, कारण आपला सावकाश वेग त्यांना माहीतच नसतो. तुमच्या यजमानांनाही हा खेळ खरा कस लावणारा आहे.

त्यानंतर संथ सायकल. पन्नास पावलांची रेघ, पाय टेकला की बाद, शेवटी पोचेल तो पहिला. सासऱ्यांना यात जरूर उतरवा. पत्र देताना घरासमोर सायकल जवळजवळ उभी ठेवायची सवय त्या खात्यातल्या माणसांना असते.

आणखी एक. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत सायकल नेऊ नका. गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्यांचा हंगाम दिवाळीनंतरच सुरू होतो, पण मुलांना सवय आत्तापासून लागू दे.

छर्रे_आणि_ग्रीस

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी संपली की गंजलेल्या चेन घेऊन रांग लागते, म्हणून लिहितो. लाटेत सायकल घालू नका, चाकाच्या मधल्या आसापर्यंत खारं पाणी गेलं की छर्रे खलास. घरी आल्याबरोबर, अंघोळीच्या आधी, गोड्या पाण्याने सायकल धुवा. पाण्याचा जोर आसावर मारायचा नाही, वरून ओतायचं. फडक्याने पुसून उन्हात वाळवा, मग चेनला तेल. आधी तेल लावून गेलात तर वाळू चिकटते आणि चेन कानशीसारखी दात खाते. टपालवाल्या सायकलचे ब्रेकचे रबर आणि सीटचा नट आधी बघून घ्या. धाकट्याच्या सायकलची सीट अशी ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतील.

गेंटहून_देवरूख

नोकरीनिमित्त चार वर्षं बेल्जियममध्ये होतो, आता देवरूखला परत. तिकडे शरदात पानं गळू लागली की सायकलचा खेळ रस्त्यावरून शेतात उतरतो. ऑक्टोबरात इटलीत 'इल लोम्बार्दिया' होते, १९०५ पासूनची, तिला पानगळीची शर्यतच म्हणतात. तोवर बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉस सुरू झालेलं असतं: चिखल, गवत, फळ्यांचे अडथळे, आणि कोक्सेइडे गावात समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या. तिथे २०१२ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती.

मला आवडायचं ते वेगळंच. रविवारी घरच्या घरं येतात, आजी गमबूट घालून, पोरं दोरीला लटकून. आणि जगातले उत्तम शर्यतपटूसुद्धा वाळू फार खोल लागली की उतरतात, सायकल खांद्यावर टाकतात आणि पळतात. त्याला तिथे कोणी हरणं म्हणत नाही, तो खेळाचाच भाग आहे. ताई, तुमच्या लेकीला हे नक्की सांगा. चढावर सायकल हातात धरून चालत वर येणारी मुलगी शर्यतीतून बाहेर गेलेली नसते.

वाळूचं तंत्र त्यांच्याकडून शिकलो. हवा कमी ठेवा: रस्त्याला ४० पौंड भरत असाल तर पुळणीला २० ते २५, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. मऊ पट्टा आला तर ब्रेक दाबू नका, हँडल घट्ट आवळू नका, वजन थोडं मागे आणि नजर दहा-पंधरा हात पुढे. पॅडल थांबलं की चाक रुतलंच. वळण मोठं घ्या. परतताना डांबरावर यायच्या आधी हवा पुन्हा भरा, नाहीतर खड्ड्यात ट्यूब चिमटून फाटेल.

खालचापाट_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि झालं ते सविस्तर कळवते.

पाडव्याला संध्याकाळी लेक आणि सासरे पुळणीवर जाऊन काठी रोवून आले. भाऊबिजेला सात वाजता निघालो, पाणी इतकं आत होतं की ओल्या वाळूत आकाश दिसत होतं. जोड्या चार. लेक आणि धाकटा, नवरा आणि नणंद, जावेची दोन मुलं, आणि मी माझ्या मावसभावाबरोबर. सायकली कमी पडल्या, म्हणून दोन-दोन जोड्या करून सोडल्या. सासरे घड्याळ घेऊन रेघेवर उभे.

लेकीने ३२ मिनिटं लिहिली होती. मला ती जास्त वाटली, पण तिने आदल्या दिवशी धाकट्याला थोडं अंतर चालवून बघितलं होतं. दोनदा तो उतरला, तेव्हा तीही उतरली आणि दोघांनी सायकली ढकलल्या. आली ३३ मिनिटांत. नवऱ्याने २० लिहिली होती, नणंदेबरोबर त्याला २७ लागली. येताना दोघं कशावर तरी मोठ्याने हसत होती, मी त्यांना असं एकत्र बघून बरीच वर्षं झाली होती. बक्षीस लेकीचं आणि धाकट्याचं: करंज्यांचा डबा. संथ सायकलीत सासऱ्यांच्या जवळपास कोणी आलं नाही.

सायकली अंघोळीआधी धुतल्या, उन्हात ठेवल्या. फराळाला बसल्यावर लेक पाटीवर काहीतरी मांडत होती. मग म्हणाली, "आई, भाऊबीज कायम द्वितीयेलाच असते ना? म्हणजे पुढच्या वर्षीही ओहोटी सव्वासातलाच." आणि तिने ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.