चोरून केलेलं प्रेम तुम्हाला एवढं गोड का लागतं?

खारेगावकर

महाप्याला आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चार जणी एकच डबा असल्यासारख्या एका मोबाइलला चिकटून बसतात. मोबाइलवर 'हीटेड रायव्हलरी'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅनडाची मालिका, नोव्हेंबर २०२५ मध्ये आली, सहा भाग, रेचल रीड यांच्या कादंबरीवरून. शेन हॉलंडर कॅनडाचा, इल्या रोझानॉव रशियाचा. दोघेही आइस हॉकीतले मोठे खेळाडू, बर्फावर हाडवैरी आणि हॉटेलच्या खोलीत प्रेमी. वर्षानुवर्षं जगाला पत्ता नाही. फोनमध्ये एकमेकांचे नंबर 'लिली' आणि 'जेन' अशा नावांनी ठेवलेले. इथे आमच्या चौघी एकसुरात "कित्ती गोड!"

काय गोड आहे त्यात? दोन धडधाकट माणसं करिअर जाईल या भीतीने बायकांची नावं वापरतात, याचं हसू यायला हवं की लाज वाटायला हवी? मला वाटतं या चाहत्यांना त्या दोघांचं प्रेम आवडत नाही, त्यांचं लपणं आवडतं. दार लावलं, कुणी आलं का, धडधड. ते लपणं काढून घ्या, निम्म्या जणी तिसऱ्या भागात उठून जातील.

आणि हे प्रेम परदेशी असलं तरच चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपला 'साबर बोंडं' लागला होता. मराठी सिनेमा, गावाकडे घडणारी दोन पुरुषांची प्रेमकथा, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ज्युरीचं मोठं पारितोषिक मिळवून आलेला. मी ठाण्यात पाहिला. थिएटरात मोजून अकरा माणसं, त्यातला एक एसीत झोपायला आलेला. या चौघींपैकी कुणी गेलं नाही. उलट त्यातलीच एक परवा नणंदेसाठी आलेल्या स्थळाबद्दल "मुलगा जरा तसाच वाटतो हो" म्हणून नाक मुरडत होती. त्याच टेबलावर, त्याच डब्यासमोर.

सीवूड्सकरीण

एक सरळ प्रश्न. तुम्ही मालिका किती पाहिलीत? सगळी, की त्या चौघींच्या खांद्यावरून?

मी ५३ वर्षांची आहे, सगळी पाहिली, दोनदा. दाराच्या कडीसाठी नाही. चौथ्या भागात इल्या शेनला स्वतःच्या घरी ट्यूनाचं सँडविच करून देतो. बास, एवढंच. थोड्या वेळाने दोघं एकमेकांना आडनावाऐवजी पहिल्या नावाने हाक मारतात आणि शेनला धाप लागते, तो उठून निघूनच जातो. इतकी वर्षं अंगाला अंग लावताना न घाबरलेला माणूस नावाने हाक मारल्यावर घाबरतो. मी तिथे थांबवलं, उगाच जाऊन गॅस बंद आहे का बघून आले. आमच्या पिढीत नवऱ्याला नावाने हाक मारायलाच किती वर्षं लागली, ते तुम्हाला नाही कळायचं.

आणि 'साबर बोंडं' मी वाशीला पाहिला, बहिणीला ओढत नेऊन. तुमच्या अकरात मी नव्हते म्हणजे कुठेच नव्हते असं नाही. सगळ्या बायकांना एका पिशवीत भरू नका.

त्या स्थळाच्या गोष्टीबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

हरिनिवास सर्कल

पहिल्या दोन भागांत हॉकी किती नि बाकीचं किती ते आधी मोजा, मग सँडविचवर निबंध लिहा. माझा मुद्दा साधा आहे. खेळाडू मैदानात काय करतो ते मला दाखवा. घरी कोणाबरोबर राहतो हे मला का सांगता? मी कुणाच्या विरोधात नाही, पण जाहिरात कशाला?

कोपरखैरणे स्लो

@हरिनिवास, शतक झाल्यावर स्टँडमधल्या बायकोकडे बॅट दाखवतात, तिकडे कॅमेरा फिरतो, तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करता का?

२ नोव्हेंबर २०२५ ला मी डी. वाय. पाटीलला होतो. आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं ती महिला वर्ल्ड कपची फायनल. समोरच्या संघात मारिझान काप होती. तिची बायको डेन व्हॅन नीकर्क, याच संघाची माजी कर्णधार. २०१८ मध्ये लग्न झालंय. नेरूळमध्ये आभाळ कोसळलं का? माझ्या शेजारचे काका तर तिच्या चेंडूला शिव्या घालत होते, संसाराला नव्हे. ही झाली जाहिरात न करता उघड असण्याची गोष्ट. लपवायचं नसलं की बोलावंही लागत नाही.

हरिनिवास सर्कल

बायकांच्या क्रिकेटचं वेगळं.

कोपरखैरणे स्लो

हेच तर. का वेगळं? पुरुषांच्या एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, ही मालिका आली तोवर, सामना खेळलेल्या एकानेही उघडपणे आपण गे आहोत असं सांगितलेलं नव्हतं. २०२१ मध्ये ल्यूक प्रोकॉपने सांगितलं तेव्हा त्याच्याकडे एनएचएलमधल्या नॅशव्हिल संघाचा करार होता, पण तो खालच्या लीगमध्ये खेळत होता. शंभर वर्षांहून जुनी लीग आहे ही. २०२३ मध्ये याच लीगने समलिंगींना पाठिंबा म्हणून स्टिकवर इंद्रधनुषी टेप गुंडाळायला बंदी घातली, एका खेळाडूने तरी गुंडाळली, मग बंदी मागे घेतली. चिकटपट्टीवरून एवढं! आणि आपल्याकडे २०१९ मध्ये धावपटू द्युती चंदने आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं सांगितलं तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला.

पकडवीर

बरेच दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो.

मी कळव्याच्या एका मंडळाकडून नऊ वर्षं कबड्डी खेळलो. उजवा कोपरा. कबड्डीत दिवसभर दुसऱ्याच्या मांडीला, घोट्याला, कमरेला मिठ्या मारायच्या असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते सामना संपल्यावर. पाणी पिताना कुणाकडे किती वेळ पाहिलं, याचा हिशोब मी ठेवायचो. सगळी पोरं नळाखाली एकत्र अंघोळीला जायची, मी "घरी जाऊन करतो" म्हणायचो. मातीने भरलेल्या अंगाने रिक्षा. रिक्षावाला सीटवर पेपर टाकायचा.

लिली-जेनचं म्हणाल तर माझ्या फोनमध्ये तो 'गॅस बुकिंग' होता. एकदा आईने खरंच सिलेंडर संपला म्हणून त्या नंबरला फोन लावला. त्याने न चुकता "दोन दिवसांत येईल" सांगितलं. तेव्हा घाम फुटला होता, आता आठवलं की हसू येतं. म्हणजे खारेगावकर, गोडही होतं हो थोडं. तुम्ही ते आमच्याकडून काढून घेऊ नका. चोवीस तास कोण रडतं?

चाहत्यांचा मला राग नाही. मंडळातल्या कुणी नाही, पण माझ्या सख्ख्या वहिनीने ही मालिका पाहून मला फक्त "बघितलीस का?" असा मेसेज केला. पुढे काही नाही. मीही "हो" एवढंच लिहिलं. अकरा वर्षांत घरात या विषयावर झालेला हा पहिला संवाद.

राग येतो तो अंदाज बांधणाऱ्यांचा. हा खऱ्या आयुष्यात आहे का, तो आहे का, नटांचे जुने फोटो उकरायचे, नजर मोजायची. हेच माझ्याबरोबर नळाजवळ व्हायचं. गोष्ट पाहून रडता आणि पाहून झाली की तेच करता.

सीवूड्सकरीण

पकडवीर, नटांचे फोटो शोधणाऱ्यांत मीही होते. कबूल करते. एका संध्याकाळी तासभर. थांबले आता.

वहिनीला अजून एक मेसेज करा ना. तिने दार उघडून ठेवलंय.

पकडवीर

करेन. घाई नको, ताई.

खारेगावकर

सीवूड्सताई, दोनच भाग पाहिले होते. पकडलंत. कालपासून बसून बाकीचे चार संपवले.

पाचव्यात तो दुसरा हॉकीपटू, स्कॉट हंटर, कप जिंकल्यावर भरल्या स्टेडियममध्ये आपल्या प्रियकराला, किपला, बर्फावर बोलावून त्याचं चुंबन घेतो आणि शेन नि इल्या आपापल्या टीव्हीसमोर गारठून बसतात. ते मला जमलं नाही टिंगल करायला. तेव्हा "निम्म्या जणी उठून जातील" हे वाक्य मागे. बाकीचं नाही. "तसाच वाटतो" म्हणणारीला मी तेव्हा काहीच बोललो नव्हतो, आणि इथे येऊन दोनशे शब्द लिहिले, हेही खरं.

पण शेवटचा भाग मला पटला नाही. सगळे प्रश्न सुटतात कुठे, तर शेनच्या तळ्याकाठच्या कॉटेजवर. आजूबाजूला माणूस नाही, दोन आठवडे सुट्टी. कोट्यधीश आहेत, सुटणारच. ठाण्यात वन बीएचकेत आईवडील नि धाकटा भाऊ असताना कुठलं कॉटेज?

पकडवीर

येऊरचं जंगल. गेटवरचा माणूस गाडीचा नंबर लिहून घ्यायचा आणि विचारायचा, "दोघंच?" आम्ही म्हणायचो, पाठीमागून पोरं येतायत, क्रिकेटचं सामान घेऊन.

कोपरखैरणे स्लो

आणि कधी कुणी आलं नाही?

पकडवीर

एकदा खरंच आली. मंडळातली सात जणं, बॅट घेऊन. संध्याकाळपर्यंत खेळावं लागलं. आम्ही हरलो.