वाईतले दोन दिवस : तुमचे अनुभव सांगा

मृण्मयी_क
आज मंडईत ओली हळद आलेली दिसली. हातात घेतली, वास घेतला आणि थेट वाईच आठवली. वीस वर्षं झाली असतील. आई, मी आणि धाकटी बहीण स्वारगेटहून एसटीने गेलो होतो. सुरूर फाट्याला गाडी आत वळली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीचे मळे लागले. मी कागदावर भरपूर बेत लिहून नेले होते: ढोल्या गणपती, मेणवली, धोम, जमलंच तर पाचगणी. आई गणपती घाटावर बसली, पाय कृष्णेत सोडले आणि म्हणाली, "तुम्ही या फिरून." आम्ही दोन तासांनी परतलो तेव्हाही ती तिथेच होती. तिला नुसतं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. घरी नेहमी हातात विळी, नाहीतर इस्त्री.

आई आता नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी बहिणी जाणार आहोत. तुमचे वाईचे अनुभव लिहा ना. वाईच हवी असं नाही, असं कुठलंही छोटं गाव चालेल.

शेखर७१
शनिवारी सातच्या आत पुणं सोडा. खंबाटकी घाटात अडकलात की अर्धा दिवस गेला.

कृष्णाकाठची
मी वाईचीच. आमच्या घरामागे घाट, त्यामुळे सुट्टीला इथे कोणी येतं याचं लहानपणी नवल वाटायचं. मृण्मयीताई, कृष्णाबाईच्या उत्सवात या एकदा. एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीने असतो. मांडव, कीर्तन, प्रसादाच्या पंगती. सासरी गेलेल्या मुली तेवढ्यासाठी माहेरी येतात. एकच विनंती, घाटावर प्लास्टिक टाकू नका. सोमवारी सकाळी आम्हीच गोळा करतो, फार वाईट वाटतं.

अनघा_डोंबिवली
ओल्या हळदीचं लोणचं कसं करतेस गं? माझं दरवेळी कडवट होतं.

मृण्मयी_क
अनघा, निम्मी आंबेहळद घाल. शिवाय आलं, हिरवी मिरची, मीठ आणि हळद बुडेल इतका लिंबाचा रस. चिरण्याआधी हाताला तेल लाव.

अनघा_डोंबिवली
तेल!! हे कोणीच सांगितलं नव्हतं. दोन दिवस ऑफिसात पिवळी बोटं घेऊन बसले होते.

परागंदा
न्यू जर्सीहून लिहितोय, इथे रात्रीचे दोन वाजलेत. बाबा वाईला मराठी विश्वकोशाच्या कामात होते. मी शाळेतून थेट त्यांच्या कार्यालयात जायचो. लाकडी कपाटं, शाईचा वास आणि एका शब्दावरून दोन मोठी माणसं तासभर हळू आवाजात बोलत बसलेली. पहिला खंड १९७६ साली आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, तेही वाईत राहणारे. एवढं मोठं काम एवढ्याशा गावात चालतं यात काही विशेष आहे हे मला इकडे आल्यावर कळलं. संध्याकाळी बाबा मला मेणवलीला सायकलवर न्यायचे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे घाट आणि ती घंटा. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. शंकराच्या देवळाजवळ ती किती शांतपणे नांदते आहे! मृण्मयीताई, शक्य झालं तर एक फोटो पाठवाल? बाबांना दाखवायचाय. ते आता फारसं बोलत नाहीत, पण फोटो बघतात.

मृण्मयी_क
नक्की पाठवते. वाड्याचाही.

सुलभा काकू
आम्ही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गेलो होतो. लॉजवाल्याने आमची खोली दुसऱ्यांना दिली होती, रात्री नऊला कळलं. ह्यांचा चेहरा उतरला. शेजारच्या खानावळीतल्या बाईंनी माडीवरची खोली उघडून दिली, गरम पिठलं-भाकरी वाढली आणि पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी त्यांच्या नातीच्या हातात ठेवले. पहाटे खिडकीतून पांडवगड दिसला. मोठ्या हॉटेलात राहिलो असतो तर त्या बाई भेटल्याच नसत्या.

शेखर७१
काकू, ती खानावळ अजून आहे का?

सुलभा काकू
नाही हो. बाईही गेल्या असं ऐकलं.

निखिल_स्थापत्य
ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून चक्कर मारा. लोक मूर्ती बघून परत फिरतात. देऊळ १७६२ चं, रास्त्यांनी बांधलेलं, अगदी नदीकाठी. मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. मी शिकत असताना तिथे तीन दिवस बसून मापं घेतली. धोमलाही जा. महादेवाच्या देवळापुढे कमळाच्या आकाराचं कुंड आहे, मधोमध दगडी कासव आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंड भरलेलं असलं की कासव तरंगतंय असं वाटतं.

कृष्णाकाठची
मृण्मयीताई, कुठे उतरताय? सोय झाली नसेल तर आमच्याकडे या, खरंच. आईला माणसं आवडतात.

मृण्मयी_क
अगं, डोळे भरून आले. जागा ठरली आहे, पण आईंना भेटायला नक्की येऊ. बेत मी या खेपेला एवढाच ठेवलाय: शनिवारी सकाळी मेणवली, घंटेचा फोटो. दुपारपासून घाट. बहीण म्हणते धोम रविवारी, उठलो तर.

अनघा_डोंबिवली
येताना दोन किलो ओली हळद आण गं माझ्यासाठी. दादरला येऊन घेईन.